'पटत नसेल तर सोडून जा' म्हणणाऱ्या मालक, मॅनेजर आणि एचआर मंडळींना

नमस्कार,

हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाहीये. माणसं कामाला घ्यायचं आणि कामावरून काढायचं ज्यांच्या हातात आहे त्या सगळ्यांना आहे, म्हणजे मालक, पार्टनर, डायरेक्टर, प्लांट मॅनेजर, एचआर, आणि माणसं पुरवणारे कॉन्ट्रॅक्टर पण. मी सतरा वर्षं नोकरी करतेय, तीन ठिकाणी केली, त्यातली बरीचशी पॅकिंग आणि डिस्पॅचला, आणि तिन्ही ठिकाणी एक वाक्य जसंच्या तसं ऐकलं. "पटत नसेल तर सोडून जा, कोणी बांधून ठेवलंय का?" पगाराचं विचारलं तरी हेच, शिफ्टचं विचारलं तरी हेच, जेवणाची सुट्टी अर्ध्यावर का आणली विचारलं तरी हेच. आणि म्हणणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपण अगदी न्यायाचं बोललो. तुम्ही पण मोकळे, आम्ही पण मोकळे, तुम्हाला नको असेल तर तुम्ही जा, आम्हाला नको असेल तर आम्ही काढू, फिटंफाट.

फिटंफाट नाहीये. का नाही ते मला नीट सांगायचंय, कारण मला वाटतं तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी यावर कधी विचारच केलेला नसेल, आणि ज्यांनी केलाय त्यांना हे आमच्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये.

मी काम सोडलं तर माझा सगळा पगार जातो. भाडं, शाळेची फी, औषधं, कर्जाचा हप्ता, सगळं त्या एका पगारावर चाललेलं असतं. मी सोडलं तर तुमचं काय जातं? लाईनवरचं एक माणूस. चार दिवस बाकीच्यांवर लोड येतो, मग नवीन कोणीतरी येतं आणि आठवड्याभरात माझं नाव पण लोक विसरतात. दार दोघांनाही उघडं आहे हे खरं, पण तुमच्या बाजूला दाराबाहेर अंगण आहे आणि आमच्या बाजूला विहीर.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ज्या अॅडम स्मिथचं नाव खुल्या बाजाराच्या बाजूने बोलणारे सगळे घेतात त्यानेच 1776 मध्ये हे लिहून ठेवलंय, की भांडण पेटलं तर मालक साठवलेल्या पैशावर वर्ष दोन वर्षं काढू शकतो, पण बरेचसे कामगार एक आठवडाही काढू शकत नाहीत, थोडे महिना काढतील, आणि वर्ष काढणारा जवळपास कोणीच नाही. पुढे तो म्हणतो की लांबचा विचार केला तर मालकालाही कामगाराची तेवढीच गरज असते, फक्त ती गरज इतकी तातडीची नसते. मला तर वाटतं सगळा प्रश्न या 'तातडी'त आहे. कोण हुशार, कोण मेहनती, कोणी रिस्क घेतली, यावर कितीही वाद घाला, पण टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्यांपैकी एकजण थांबू शकतो आणि दुसरा थांबू शकत नाही, आणि जो थांबू शकत नाही तो कुठल्याही अटीवर सही करतो.

सहीचंच सांगते. दुसऱ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला बावीस पानांचं अपॉइंटमेंट लेटर दिलं, टेबलावर ठेवलं आणि पेन पुढे केलं. मी उभ्या उभ्याच चाळलं. अकराव्या पानावर नोटीस पिरियडचा क्लॉज होता, मी सोडायचं म्हटलं तर तीन महिने आधी सांगायचं नाहीतर तीन महिन्यांचा पगार भरायचा, आणि कंपनीने काढायचं म्हटलं तर एक महिना. मी विचारलं, मॅडम हे दोन्हीकडून सारखं का नाही? त्या चांगल्या होत्या हो, खरंच चांगल्या होत्या, आवाज पण चढवला नाही. म्हणाल्या, "अगं हे स्टँडर्ड आहे, सगळेच करतात सही." मी म्हटलं घरी नेऊन वाचून उद्या आणते. त्या म्हणाल्या, मग जॉइनिंग पण उद्यापासून धरू, आणि उद्या ही जागा असेलच असं मी सांगू शकत नाही. आधीची नोकरी मी दहा दिवसांपूर्वी सोडलेली होती. मी सही केली. बावीसच्या बावीस पानांवर, खालच्या कोपऱ्यात, आणि शेवटच्या पानावर छापलेलं होतं की मी हे सर्व वाचून, समजून आणि स्वखुशीने मान्य केलं आहे.

स्वखुशी या शब्दावर मी बरेच दिवस अडकून होते. मग कधीतरी वाचनात आलं की ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या ड्रायव्हर लोकांच्या केसमध्ये हाच मुद्दा पकडला होता. कंपनी म्हणत होती की कागद बघा, कागदावर ते आमचे कामगार नाहीतच, स्वतःचा धंदा करणारे आहेत. कोर्टाने म्हटलं की सुरुवातच कागदापासून करायची नाही, कारण कागद लिहिणारी बाजू ताकदवान असते, दुसऱ्या बाजूला त्यातलं अक्षर बदलायचीही सोय नसते, आणि कायदा जर दुबळ्याला वाचवायला केलेला असेल तर ताकदवानाने स्वतः लिहिलेल्या कागदावर तो कायदा लागू होतो की नाही हे ठरवता येणार नाही. भाडं कोण ठरवतं, अटी कोण ठरवतं, राइड नाकारल्या तर काय होतं, हे सगळं बघून ते ड्रायव्हर कामगार ठरले. वाचून मला इतकं बरं वाटलं, म्हणजे माझं अकरावं पान काही बदललं नाही त्याने, पण आपल्याला खटकलं ते वेडेपणाचं नव्हतं एवढं तरी कळलं.

आता तुम्ही म्हणाल की पगार आम्ही नाही ठरवत, मार्केट ठरवतं. माणसं जास्त आणि जागा कमी तर पगार कमी, माणसं कमी तर पगार जास्त, यात आमचा काय दोष. ठीक आहे, मग माणसं कमी पडली तेव्हा काय झालं ते पण बघू. चौदाव्या शतकात युरोपात प्लेग आला, इंग्लंडमध्ये तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली असं धरतात, आणि उरलेले मजूर साहजिकच जास्त मजुरी मागायला लागले. तेव्हा तर भांडवलशाही हा शब्द पण नव्हता. लगेच 1349 मध्ये फर्मान निघालं आणि 1351 मध्ये कायदा झाला की मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच राहील, जास्त मागितली तर शिक्षा. म्हणजे पारडं आमच्याकडे झुकलं की मार्केटला कायद्याने बांधायचं. पुढे कारखाने आले तेव्हा त्याच देशात 1799 आणि 1800 मध्ये कायदे झाले, कामगारांनी पगार वाढवायला एकत्र यायचं नाही, आले तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. 1800 च्या कायद्यात मालकांनी एकत्र येण्यालाही बंदी होती, पण त्याला शिक्षा कसली, तर दंड. ते कायदे 1824 मध्ये रद्द झाले.

हे जुनं झालं म्हणाल तर अगदी आताचं घ्या. ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी या कंपन्यांनी आपापसात ठरवून ठेवलेलं की एकमेकांची माणसं फोडायची नाहीत, म्हणजे फोन करून ऑफर द्यायची नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने 2010 मध्ये ते बंद करायला लावलं आणि इंजिनिअर लोकांनी जी केस केली ती 2015 मध्ये 41.5 कोटी डॉलरला मिटली. विचार करा, हे जगातले सगळ्यात मागणी असलेले कामगार, ज्यांना आपण म्हणतो की यांना काय, हे कधीही उडी मारतील. त्यांच्या उडीचा रस्ता पण त्यांच्या पाठीमागे बंद करून ठेवलेला होता आणि त्यांना वर्षानुवर्षं पत्ता नव्हता. मग 'पटत नसेल तर सोडून जा' हे वाक्य कोणाला लागू पडतं ते मला सांगा.

तर एकत्र येणं. याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण माझं स्वतःचं इथेच दुखतं.

आमच्याकडे पंचिंग मशीन होतं, बोट लावायचं. सीझनला ऑर्डरी वाढल्या की संध्याकाळी सुपरवायझर सांगायचे, सहाला पंच मारून या आणि मग उरलेल्या पेट्या भरून जा. म्हणजे मशीनच्या हिशोबाने आम्ही सहाला घरी गेलेलो, आणि प्रत्यक्षात आठ, साडेआठ, कधी नऊ. असं चार महिने चाललं. आमच्यातल्या एकीने वही केली, साधी दोनशे पानी, त्यात रोज तारीख, कोण कोण थांबलं आणि किती वाजता बाहेर पडलं ते लिहायचं, आणि बाहेर पडताना प्रत्येकाने आपल्या नावापुढे इनिशियल करायची. सात जण होतो. चार महिन्यांनी त्या वहीवरून बेरीज करून एक अर्ज लिहिला, की हे आमचे तास आहेत, याचे पैसे द्या, दुसरं काही नाही. साती जणांच्या सह्या. दुपारी साती जण मिळून ऑफिसच्या दारात गेलो.

साहेबांनी अर्ज घेतला, वाचला, आणि म्हणाले, "एवढ्या गर्दीत बोलणं होत नाही, एकेक जण या."

बस, तिथेच संपलं. आम्हाला तेव्हा कळलं नाही, आम्हाला वाटलं प्रत्येकाचं ऐकून घेणार. बाहेर बाकड्यावर सहा जण बसलेले आणि एक आत. पहिला वीस मिनिटांनी बाहेर आला आणि कोणाकडे न बघता सरळ लाईनवर गेला. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. दुसरीला सांगितलं की पहिल्याचं मिटलंय, आता तुझंच काय ते राहिलंय. तिसऱ्याला सुपरवायझर करायचं बघतो म्हणाले. माझी पाचवी पाळी होती. माझ्या आईचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर होतं आणि मी रजेचा अर्ज दिलेला होता, तो अर्ज साहेबांनी समोर टेबलावर काढून ठेवला होता, मंजूर पण नाही आणि नामंजूर पण नाही, नुसता ठेवला होता. त्याच्या शेजारी एक कागद, माझी कंपनीकडे कसलीही येणेबाकी नाही असा. ते काही बोललेच नाहीत रजेबद्दल. मला म्हणाले, बघ तू समजूतदार आहेस. मी सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर रजेच्या अर्जावर सही केली. त्या कागदावर पण स्वखुशीने असंच लिहिलेलं होतं. जिने वही केली होती ती सगळ्यात शेवटी आत गेली आणि तिने सही केली नाही, तिला दोन महिन्यांत काढलं, काम समाधानकारक नाही म्हणून. मी तिला बाहेर पडताना भेटले पण नाही, माझ्यात तेवढं तोंड नव्हतं.

मी हे यासाठी सांगतेय की त्या दिवशी कोणी आम्हाला धमकी दिली नाही, कोणी शिवी दिली नाही. एकेक जण या, एवढंच म्हणाले. सात जण एकत्र उभे होते तेव्हा सात जणांची लाईन बंद पडली असती आणि त्या दिवसाचा ट्रक निघाला नसता, म्हणजे थोडा वेळ का होईना तातडी त्यांच्या बाजूला होती. एकेक करून आत गेलो की ती पुन्हा आमच्याकडे. आणि हे तुम्हाला पक्कं माहिती असतं. युनियनचं नाव काढलं की तुमचे चेहरे का बदलतात ते मला तेव्हा समजलं, पैशापेक्षा जास्त त्या 'एकेक जण या'ची सोय जाते म्हणून.

आम्ही सात होतो. नारायण मेघाजी लोखंडेंनी 1884 मध्ये गिरणी कामगारांचं निवेदन दिलं त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या, आणि मागण्या काय, तर आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. सुट्टी मिळायला तरी 1890 उजाडलं. साडेपाच हजार माणसं आणि सहा वर्षं, एका रविवारसाठी. आज तुम्ही आम्हाला सांगता ना की काही अडचण असेल तर केबिनमध्ये येऊन बोला, आमचं दार कायम उघडं आहे, तेव्हा मला ते सहा वर्षांचं आठवतं. केबिनमध्ये एकट्याने जाऊन बोलून आठवड्याची सुट्टी मिळाली असती का कोणाला?

आणि प्रश्न फक्त पैशाचा असता तर मी इतकं लिहिलंही नसतं. बांगलादेशातल्या राना प्लाझाच्या इमारतीला 23 एप्रिल 2013 ला भेगा दिसल्या. खालच्या मजल्यांवर बँक होती, दुकानं होती, ती बंद केली, बँकेने आपल्या माणसांना घरी पाठवलं. वर कपड्यांचे कारखाने होते, त्यांच्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. भेगा सगळ्यांनी बघितल्या होत्या. लोक गेटपाशी उभे राहून म्हणत होते आत नको, आणि त्यांना सांगितलं जात होतं की नाही गेलात तर पगार कापू. 24 तारखेला सकाळी इमारत कोसळली आणि 1,100 पेक्षा जास्त माणसं गेली. त्या इमारतीतल्या एकाही कारखान्यात युनियन नव्हती. भेग डोळ्याला दिसतेय, खालची बँक रिकामी झालीय, आणि तरी पाय आत जातात, कारण महिना संपत आलाय आणि एकट्याने नाही म्हटलं तर एकट्याचाच पगार जाणार. नंतर त्याच वर्षी युनियन आणि मोठे ब्रँड यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला आणि त्यात धोकादायक जागी काम नाकारायचा हक्क लिहिला गेला. तो हक्क आदल्या दिवशी हवा होता.

तुमच्यातले काही जण छोटे मालक आहेत, त्यांना वाटेल ही बाई आम्हाला पण त्याच माळेत ओवतेय. नाही, मला दिसतं की तुमच्याकडे पण एकच मोठं गिऱ्हाईक असतं, तो रेट पाडतो, पेमेंट चार चार महिने अडकवतो आणि वर म्हणतो की परवडत नसेल तर देऊ नका माल. तेच वाक्य, बघा. तुम्ही तेव्हा रात्र रात्र झोपत नाही हे मी जवळून बघितलंय. मग सकाळी येऊन तेच वाक्य आम्हाला का ऐकवता एवढंच मला विचारायचंय.

आणि मोठ्यांचं म्हणणं असतं की माणसांना जास्त दिलं तर धंदा बसेल. फोर्डने जानेवारी 1914 मध्ये दिवसाचे पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली, आधीच्या पगाराच्या साधारण दुप्पट. धंदा बसला नाही. दिले का, तर माणसं टिकत नव्हती, आदल्या वर्षी साधारण 14,000 जागा भरलेल्या ठेवायला 52,000 च्या वर माणसं घ्यावी लागली होती. खरोखर सोडून जात होते लोक, म्हणून दिले. पण त्याच पाच डॉलरसोबत कंपनीने एक खातं काढलं, त्याची माणसं कामगाराच्या घरी जाऊन बघायची की घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे साठवतो का, आणि त्यावर पूर्ण पगार द्यायचा की नाही ते ठरायचं. पगारवाढ मालकाच्या मर्जीने आली की ती मर्जी घरापर्यंत येते, म्हणून मला मेहेरबानी नकोय. आज ते खातं मोबाईलमध्ये आलंय, कोण कुठे आहे, किती मिनिटं हललं नाही, सगळं दिसतं, आणि ते बघणारा कोण आहे हे आम्हाला दिसत नाही.

मागायचं काय आहे ते स्पष्ट सांगते, कारण नुसतं रडगाणं गायला मी बसले नाहीये. कॉन्ट्रॅक्ट सही करायच्या निदान आठवडाभर आधी आमच्या हातात द्या, आम्हाला वाचता येईल अशा भाषेत. नोटीस जेवढी आमच्याकडून तेवढीच तुमच्याकडून. सोडून जाणाऱ्याचं रिलीव्हिंग लेटर आणि हिशोब अडवून ठेवू नका, एकीकडे सोडून जा म्हणायचं आणि दुसरीकडे जायचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवायचा हे थांबवा. कोणाला किती पगार आहे हे आम्ही एकमेकांना विचारलं तर ती शिस्तभंगाची गोष्ट नाही. मशीन बंद पडलंय, वायर उघडी आहे, भिंतीला भेग आहे म्हणून कोणी हात वर केला तर त्याचा त्या दिवसाचा पगार कापू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही एकत्र आलो तर आम्हाला एकत्रच भेटा. संघटना करायचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1948 च्या करारात आहे आणि एकत्र बसून वाटाघाटी करायचा 1949 च्या, म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये. बाकीचं सगळं एकवेळ मागे राहिलं तरी चालेल, हे मिळालं तर बाकीचं आम्ही स्वतः बोलून घेऊ.

आणि त्या ऑफिसमधल्या साहेबांनी हे वाचलंच तर त्यांच्यासाठी. ती दोनशे पानी वही फाटलेली नाही. जिने केली होती तिच्याकडेच आहे, मी गेल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन आले, बऱ्याच वर्षांनी, माफी पण मागितली. वहीत तारखा आहेत, तास आहेत, इनिशियल आहेत, तुमच्या सुपरवायझरने एकदा वैतागून केलेली सही पण आहे. तिघं अजून तुमच्याकडेच आहेत, आम्ही चौघं बाहेर आहोत. चार महिन्यांचे ते तास अजून बाकी आहेत. वेळ सांगा, आम्ही येतो, साती जण एकदम आत येऊ.

डिस्पॅचमधली एक